बिल टाऊनशिपचं, आकडा स्कूल बोर्डाचा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: न्यू जर्सीत घर घेऊन वर्ष झालं. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात निम्म्याहून जास्त रक्कम शाळेच्या नावावर आहे. टाऊनशिपच्या, म्हणजे गावच्या नगरपालिकेच्या, ऑफिसात विचारलं तर "तो आमचा विषय नाही" म्हणाले. शेजारच्या गावाला राज्याकडून कितीतरी जास्त मदत मिळते असं ऐकलं. आणि तुम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, म्हणजे मतदान नाही. मग हा आकडा ठरवतं कोण, आणि आपलं म्हणणं मांडायचं कुठे?

मी न्यू जर्सीत स्कूल डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसात, म्हणजे बजेट, बस, कंत्राटं, पगारपत्रकं या बाजूला, बरीच वर्षं काम करत आले आहे. वर्गात काय शिकवावं यावर मी बोलत नाही. पैशाचं सांगते.

टाऊनशिपवाले खरंच बोलले. आपल्याकडे गावातली शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असते, म्हणजे रस्ते-पाणी बघणारी आणि शाळा चालवणारी संस्था एकच. इथे स्कूल डिस्ट्रिक्ट हे वेगळं स्थानिक सरकार आहे. त्याचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं, कर्ज वेगळं, वकीलसुद्धा वेगळा. शिक्षक ना राज्याचे नोकर, ना टाऊनशिपचे, ते डिस्ट्रिक्टचे. न्यू जर्सीत २१ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), ५६४ नगरपालिका आणि सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. एवढ्याशा राज्याला एवढे तुकडे कशाला, हा प्रश्न इथे दर काही वर्षांनी निघतो, अहवाल होतो आणि कपाटात जातो, कारण आपली शाळा शेजारच्या गावात विलीन करायला कोणीच तयार नसतं.

बिल मात्र एकच येतं. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भरायचे चार हप्ते टाऊनशिप गोळा करते आणि त्यातून शाळेचा आणि काउंटीचा वाटा पोचवते. इथली एक गंमत बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. काही घरमालकांनी टॅक्स थकवला तरी टाऊनशिपला शाळेची पूर्ण रक्कम द्यावीच लागते. तूट टाऊनशिप सोसते आणि त्यासाठी स्वतःच्या बजेटमध्ये वेगळी तरतूद ठेवते. त्यामुळे शिव्या टाऊनशिपला, खोटही टाऊनशिपला, आणि पैसे शाळेला. २०२४ साली राज्यातलं सरासरी बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर, १०,०९५ डॉलरवर गेलं. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांचा. पुण्याच्या मिळकतकराच्या बिलातही 'शिक्षण कर' अशी ओळ असते, पण तो पैसा महापालिकेमार्फत राज्याच्या तिजोरीत जातो. इथे तो तुमच्या गावातल्या, तुमच्या मुलाच्या शाळेत जातो. म्हणून लोक इथे त्या ओळीवरून भांडतात.

आता मुख्य मुद्दा, आणि याबाबतीत नव्याने घर घेतलेल्या बहुतेकांचा गैरसमज असतो. तुम्हाला वाटतं की टॅक्सचा एक दर ठरलेला आहे आणि घराची किंमत वाढली की शाळेला आपोआप जास्त पैसे मिळतात. न्यू जर्सीत हिशेब उलट्या दिशेने चालतो. सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा: आधी वर्षाचा खर्च ठरतो, मग तो सगळ्या फ्लॅटांवर वाटला जातो. बोर्ड आधी ठरवतं की स्थानिक टॅक्समधून आपल्याला एकूण इतके डॉलर हवेत. या रकमेला लेव्ही म्हणतात. ती गावातल्या सगळ्या मालमत्तेच्या करपात्र मूल्याने भागली की दर निघतो. दर हे शेवटचं उत्तर आहे, निर्णय नव्हे.

समजायला सोपे आकडे घेऊ. गावातल्या मालमत्तेचं एकूण मूल्य २०० कोटी डॉलर, शाळेची लेव्ही ४ कोटी. दर झाला शंभर डॉलरमागे २ डॉलर. तुमचं घर ४ लाखांचं असेल तर शाळेचे ८,००० डॉलर. आता गावाने फेरमूल्यांकन केलं आणि सगळ्यांच्याच किमती दुप्पट झाल्या, एकूण ४०० कोटी. लेव्ही तीच असेल तर दर १ डॉलरवर येतो, तुमचं घर ८ लाखांचं दिसतं आणि बिल पुन्हा ८,०००च. मात्र तुमचं घर ९ लाखांवर गेलं, म्हणजे गावाच्या सरासरीपेक्षा जास्त वाढलं, तर बिल ९,००० होईल आणि गावात दुसऱ्या कोणाचं तरी तेवढंच कमी होईल. शाळेला एक डॉलरही जास्त मिळालेला नसतो. फेरमूल्यांकनाच्या वर्षी बोर्डाच्या बैठकीत येऊन ओरडणाऱ्यांना मी हेच सांगत असे, आणि त्यांना ते पटत नसे. तुमच्या मूल्यांकनाविरुद्ध अपील काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे करायचं असतं. शाळेच्या लेव्हीशी त्याचा संबंध नाही.

दोन गावांचं मिळून एक रीजनल डिस्ट्रिक्ट असेल तर आणखी एक फाटा फुटतो. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो घ्या: दोन टाऊनशिप, त्याही दोन वेगळ्या काउंट्यांमध्ये. लेव्ही एकच, पण ती दोन गावांमध्ये त्यांच्या मालमत्तेच्या बाजारभावाच्या प्रमाणात वाटली जाते. एका गावात किमती जास्त वेगाने वाढल्या की बजेट जवळपास तेवढंच असूनही तिथला टॅक्स चढतो आणि दुसरीकडे उतरतो. एकाच शाळेत जाणाऱ्या दोन मुलांचे आईवडील एकाच बजेटबद्दल अगदी उलट बोलताना ऐकू येतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

लेव्ही किती वाढवता येते यावर राज्याची वेसण आहे. २०१० च्या कायद्याने ही मर्यादा ४ टक्क्यांवरून वर्षाला २ टक्क्यांवर आणली. मर्यादा एकूण लेव्हीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. तिला पळवाटा म्हणा किंवा सवलती म्हणा, आहेत: आरोग्यविम्याचा खर्च ठरावीक पातळीपलीकडे वाढला, विद्यार्थी वाढले, तर थोडी मोकळीक मिळते. एखाद्या वर्षी २ टक्के पूर्ण वापरले नाहीत तर उरलेली जागा पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. त्याच्याही वर जायचं असेल तर मतदारांना वेगळा प्रश्न विचारावा लागतो. शाळेच्या निवडणुका नोव्हेंबरमध्ये घेणाऱ्या डिस्ट्रिक्टना, बजेट मर्यादेत असेल तर, ते मतदानाला टाकावं लागत नाही. २०१२ च्या सुरुवातीला हा कायदा झाल्यावर बहुतेक गावं नोव्हेंबरकडे वळली. पूर्वी एप्रिलमध्ये लोक शाळेच्या बजेटवर दरवर्षी थेट हो-नाही म्हणायचे. तो हक्क गेला, याची खंत मला व्यक्तिशः फारशी नाही. मतदानाला मोजकी माणसं यायची, आणि संतापलेली माणसं हमखास यायची.

२ टक्क्यांत भागतं का? बजेटचा मोठा हिस्सा पगार आणि आरोग्यविमा. पगार युनियनशी झालेल्या करारात तीन-चार वर्षांसाठी बांधलेले. विम्याचा हप्ता ज्या वर्षी दोन आकडी टक्क्यांनी वाढतो त्या वर्षी २ टक्क्यांची लेव्ही कुठे जाते ते तुम्हीच बघा. मग आधी ग्रंथपाल, आठवीचं बँड आणि बस यांच्यावर गदा येते. शिक्षकांच्या पेन्शनमधला मालकाचा वाटा इथे राज्य भरतं, तो डिस्ट्रिक्टच्या खात्यात नसतो, हे त्यातल्या त्यात बरं.

शेजारच्या गावाला जास्त मदत का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेखच नाही. १९७३ साली टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शिक्षण हा फेडरल संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि प्रॉपर्टी टॅक्समुळे गरीब-श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये पडणारी दरी घटनाबाह्य नाही. तो दरवाजा बंद झाल्यावर लढाया राज्यांच्या न्यायालयांत गेल्या. न्यू जर्सीच्या राज्यघटनेत १८७५ पासून ५ ते १८ वयाच्या मुलांसाठी 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' मोफत शाळांची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. त्याच १९७३ साली, सॅन अँटोनियोच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत, रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रामुख्याने प्रॉपर्टी टॅक्सवर उभी असलेली इथली पद्धत या कलमात बसत नाही असं ठरवलं. विधिमंडळ पैसे उभे करेना. तेव्हा १ जुलै १९७६ रोजी न्यायालयाने शाळांवर खर्च करायलाच बंदी घातली. उन्हाळी वर्ग बंद पडले, आणि आठवडाभरात राज्याचा इन्कम टॅक्स मंजूर झाला! तोपर्यंत न्यू जर्सीत तो नव्हताच. आजही तो पैसा प्रॉपर्टी टॅक्स हलका करण्यासाठीच राखलेला असतो, आणि त्यातला मोठा भाग शाळांना जातो.

त्यानंतर ॲबट विरुद्ध बर्क हा अनेक दशकं चाललेला खटला आला. नेवार्क, कॅम्डेन, पॅटरसन अशा गरीब शहरांमधल्या ३१ डिस्ट्रिक्टना त्यातून मोठी मदत आणि मोफत पूर्वप्राथमिक वर्ग मिळाले. आजचं सूत्र २००८ च्या कायद्याचं. ते असं चालतं: तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये किती मुलं, कोणत्या इयत्तेत, त्यांतली किती गरीब घरातली, किती इंग्रजी शिकणारी, यावरून पुरेशा शिक्षणाचा खर्च काढायचा. गरीब मुलाचं आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचं वजन सूत्रात जवळपास दीडपट धरलं जातं. मग गावाची ऐपत काढायची: निम्मी गावातल्या मालमत्तेच्या बाजारभावावरून, निम्मी तिथल्या रहिवाशांच्या उत्पन्नावरून. खर्चातून ऐपत वजा केली की उरतं ती राज्याची मुख्य मदत. समजा खर्च १० कोटी आणि ऐपत ८ कोटी, तर मदत २ कोटी. ऐपत १२ कोटी निघाली तर मुख्य मदत शून्य. स्पेशल एज्युकेशन (विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण), सुरक्षा आणि बस यांसाठीची ठरावीक रक्कम तेवढी मिळते. तुमच्यासारखी दोघं नोकरी करणारी, चांगल्या पगाराची कुटुंबं एखाद्या गावात आली की गावाची ऐपत वाढते आणि राज्याचा हात आखडतो. शेजारच्या गावाला जास्त मिळतं त्याचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

खरी अडचण दोन नियमांच्या सांध्यात आहे. घरांच्या किमती एका वर्षात १० टक्क्यांनी चढल्या तर सूत्र म्हणतं, गावाची ऐपत वाढली, मदत कमी. पण २ टक्क्यांची मर्यादा म्हणते, ती वाढलेली ऐपत तुम्ही वापरायची नाही. मधल्या मध्ये शाळा अडकते. कोविडनंतर किमती उसळल्या तेव्हा बऱ्याच डिस्ट्रिक्टवर ही वेळ आली. त्याच सुमारास कोविडचा फेडरल पैसाही २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपला, आणि ज्यांनी त्या तात्पुरत्या पैशावर कायमची माणसं भरली होती त्यांची पंचाईत झाली. २०२५-२६ साठी राज्याने एका वर्षातली घट ३ टक्क्यांवर आणि वाढ ६ टक्क्यांवर थोपवली. तात्पुरती मलमपट्टी म्हणून ठीक. माझं मत विचाराल तर मर्यादा आणि सूत्र यांची मोट एकदा नीट बांधल्याशिवाय हे दरवर्षी होणार. फेडरल वाटा एरवी इथे लहानच: गरीब मुलांसाठी 'टायटल वन' नावाचा निधी, स्पेशल एज्युकेशन आणि शाळेतलं जेवण. स्पेशल एज्युकेशनच्या जादा खर्चासाठी देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देऊ, असं १९७५ च्या कायद्यात म्हटलं होतं. फेडरल सरकार त्याच्या जवळपासही कधी आलेलं नाही.

जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक जास्तीची गोष्ट. तिथल्या अनेक उंच इमारतींना करमाफीच्या करारावर वेगळी रक्कम भरावी लागते. दीर्घ मुदतीच्या अशा करारात ९५ टक्के शहराला आणि ५ टक्के काउंटीला जातात. शाळेचा वाटा कायद्याने धरलेला नाही. तुमच्या टॉवरमधली मुलं शाळेत जातात, टॉवरचा पैसा सिटी हॉलमध्ये थांबतो. राज्याची मदत कमी व्हायला लागल्यावर शहराने २०१९ पासून १ टक्का पेरोल टॅक्स लावला, जो शहरात न राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर कंपन्या भरतात आणि शाळांना जातो.

हे सगळं मंजूर करणारं बोर्ड म्हणजे सहसा नऊ माणसं, तीन वर्षांसाठी निवडलेली, दरवर्षी तिघांची मुदत संपते. (काही शहरांत महापौर नेमतात.) त्यांना पगार नाही. पार्श्वभूमीची पोलीस तपासणी, सक्तीचं प्रशिक्षण आणि दरवर्षी आर्थिक हितसंबंध जाहीर करणं मात्र आहे. लोकांना वाटतं बोर्ड मेंबर म्हणजे नगरसेवक, एक फोन केला की काम होतं. तसं नाही. एकट्या मेंबरला कसलाही अधिकार नाही. अधिकार बैठकीत, मतदानाने. शिक्षकाची नेमणूक किंवा बदली सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, शिफारशीशिवाय बोर्डाला करताच येत नाही. मुलाच्या गणिताच्या वर्गाची तक्रार आधी शिक्षक, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडेंट, या क्रमानेच न्या. बोर्डाची खरी ताकद चार मतांत असते: सुपरिंटेंडेंट कोण, युनियनचा करार काय, बजेट किती, आणि बांधकामासाठी कर्जाचा प्रश्न मतदारांपुढे न्यायचा की नाही. शाळेचं कॅलेंडरही बोर्डच मंजूर करतं. एडिसन किंवा वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोला दिवाळीची सुट्टी आहे ती अशाच मतातून आली. मात्र राज्याची १८० दिवसांची अट पाळायची असल्याने दिवाळीचा दिवस जूनमध्ये भरून निघतो.

बसचं सांगायलाच हवं, कारण आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त फोन त्याबद्दल येत. आठवीपर्यंत शाळा २ मैलांहून दूर असेल आणि हायस्कूलला अडीच मैलांहून, तरच डिस्ट्रिक्टवर बस देण्याचं बंधन आहे. त्याच्या आतली बस ही सौजन्याची. पैसे आखडले की बोर्ड ती बंद करू शकतं किंवा तिच्यासाठी वर्षाची फी लावू शकतं. घर घेताना एजंट शाळेचं रेटिंग सांगतो, १.९ मैलांचं सांगत नाही.

बांधकामाचं खातं वेगळं. नवी शाळा, छप्पर, एअर कंडिशनिंग यासाठी बॉण्ड (कर्जरोखे) काढायचे तर सहसा मतदारांची मंजुरी लागते. त्या कर्जाचा हप्ता २ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर असतो, म्हणून टॅक्समध्ये अचानक उडी दिसली तर आधी रेफरेंडम झालं होतं का ते पाहा. पात्र कामांच्या खर्चाचा किमान ४० टक्के भार राज्य उचलतं. मतदारांनी नाकारलेलं छप्पर दुरुस्त करावं लागतंच, आणि तेव्हा ते ४० टक्के मिळत नाहीत.

यातलं काहीही दुसऱ्या राज्यातल्या भावाला किंवा मैत्रिणीला तसंच्या तसं सांगू नका. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे दर १ टक्क्याला आणि मूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांना बांधलेली आहे, शेजारी-शेजारी सारख्या घरांची बिलं कितीतरी वेगळी असतात आणि शाळांचा पैसा बहुतांशी राज्याच्या सूत्राने ठरतो. टेक्ससमध्ये इन्कम टॅक्स नाही, आणि श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही टॅक्स राज्य १९९३ पासून काढून घेतं. व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला टॅक्स लावण्याचा अधिकारच नाही, पैसे काउंटी देते.

तुम्हाला मत नाही हे खरं. स्कूल बोर्डाच्या मतदानाला नागरिकत्व लागतं. बोलण्याला मात्र लागत नाही. बोर्डाच्या बैठका कायद्याने उघड्या असतात आणि लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. मुलांना तर कोणत्याही व्हिसावर, किंवा व्हिसा नसतानाही, शाळेत घ्यावंच लागतं. १९८२ पासून हा देशभरचा नियम आहे. फक्त वेळ नीट निवडा. गव्हर्नरचं बजेट फेब्रुवारीअखेर-मार्चच्या आसपास येतं आणि लगेच प्रत्येक डिस्ट्रिक्टला मदतीचा आकडा कळतो. मार्चमध्ये बोर्ड कच्चं बजेट मंजूर करून काउंटीच्या एक्झिक्युटिव्ह सुपरिंटेंडेंटकडे, म्हणजे राज्याच्या शिक्षण खात्याच्या काउंटीतल्या अधिकाऱ्याकडे, पाठवतं, एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते, १ जुलैला नवं वर्ष सुरू. ऑगस्टचं बिल हातात आल्यावर केलेली तक्रार त्या वर्षापुरती फुकट असते.

मार्चच्या बैठकीला जाण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरचं मागच्या वर्षीचं 'यूजर फ्रेंडली बजेट' उघडा. लेव्ही किती डॉलरने वाढली ते पाहा. मग शिल्लक पाहा: खर्चाच्या साधारण २ टक्क्यांपेक्षा जास्त मोकळी शिल्लक ठेवता येत नाही, जास्तीची पुढच्या बजेटमध्ये टॅक्स कमी करायला वापरावी लागते. यंदाच्या बजेटमध्ये किती शिल्लक ओतली आहे आणि ती पुढच्या वर्षी नसेल तेव्हा काय करणार, हे तीन मिनिटांत विचारून होतं. उत्तर बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरला द्यायला सांगा, बोर्ड अध्यक्षांना नव्हे.